आमच्या अकरा वाजता

आदरणीय अध्यक्ष अरप सोंगोक, आपल्या चर्चचे फादर, अॅथलेटिक्स महासंघातर्फे राजधानीहून आलेल्या वाइरिमु बाई, शिबिरातली धावणारी मुलंमुली, आणि सकाळपासून चहाच्या पातेल्यांपाशी उभ्या असलेल्या माझ्या आयाबहिणींनो,

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘निरोपाचे दोन शब्द’ असं छापलंय. अध्यक्षमहाराज, ते मला जमणार नाही. निरोप जाणाऱ्याला देतात. टेक्ला जेबिवोट कुठेही चाललेली नाही. बंदीच्या दोन वर्षांत तिला शिबिरातल्या इतरांबरोबर सराव करता येणार नाही, म्हणून तिचं अंथरूण आज इथून तिच्या आईच्या घरी जाईल. मध्ये मक्याचं एक शेत आहे, बस.

टेक्लाने केलं काय? सुई टोचून घेतली? गोळी गिळली? तिच्या रक्तात, लघवीत आजवर काहीही सापडलेलं नाही. वर्षाच्या आत तीनदा चाचणीवाले आले आणि ती भेटली नाही, एवढाच गुन्हा. आपल्या डोंगरातल्या काहींनी खरोखर नको ते घेतलं आणि आपल्या सगळ्यांना मान खाली घालायला लावली, हे मी विसरलेलो नाही. चाचणीवाल्यांनी न सांगता दारात यायलाच हवं. माझी तक्रार वेगळी आहे.

पहिली चूक तिची. मामाच्या मयतीला गेली आणि पत्ता बदलल्याचं कळवायला विसरली. ती ते कबूल करते. उरलेल्या दोन चुकांबद्दल बोलू नका, असं तिने काल मला दोनदा बजावलंय. टेक्ला, खाली बघू नकोस, पोरी. मी बोलणार आहे.

रोज कुठला एक तास नक्की सापडू, हे खेळाडूने आधी कळवायचं असतं. मागच्या वर्षी तो फॉर्म पहिल्यांदाच स्वाहिलीत आला. आम्हाला केवढं कौतुक. मी शाळेतला मास्तर, म्हणून शाळेच्या संगणकावर तो मीच भरला. टेक्ला पहाटे धावायला निघण्याआधी शिबिराच्या दारात असते, म्हणून मी लिहिलं, अकरा.

वाइरिमु बाई, हे तुम्हाला सांगायला नको. पण तुम्हाला ते परदेशी साहेबांना सांगायचंय, म्हणून सांगतो. आपलं घड्याळ सूर्याबरोबर सुरू होतं. उजाडून तास झाला की एक वाजतो. उजाडायला तास उरला की अकरा. प्रभू क्रुसावर असताना अंधार पडला तो सहाव्या तासाला, म्हणजे भर दुपारी. दर वर्षी आपण याच हॉलमध्ये ते ऐकतो. स्वाहिली फॉर्म भरताना मी दुसरं घड्याळ कुठून आणू? फॉर्मातले शब्द आमचे केले, आकडे मात्र साहेबांच्या घड्याळाचेच ठेवले, आणि तसं कुठे लिहिलं नाही.

रोज पहाटे टेक्ला स्वेटर घालून, दारात स्टूल टाकून बसायची. आणि चाचणीवाला आला तो ऊन चढल्यावर, साहेबांच्या अकराला. परदेशी तरुण, स्वाहिली पुस्तकातून शिकलेला. टेक्ला तेव्हा खाली दरीतल्या मैदानावर होती. आपल्या शिबिराच्या स्वयंपाकीण तापकिगेन मावशी भाजी चिरत होत्या.

तो म्हणाला, “अकराला इथे असेन, असं लिहिलंय तिने.”

“अकराला इथेच होती की. तू कुठे होतास?”

“मी आलोय ना आत्ता.”

“मग जरा लवकर उठत जा, बाळा. चहा घेतोस?”

त्याने चहा घेतला, तासभर थांबला, आणि अहवालात लिहिलं की शिबिरातली माणसं खोटं बोलून खेळाडूला लपवतात. मावशींनी बाजारभर सांगितलं की पाहुण्याला घड्याळ कळत नाही. सगळे हसले. मीही हसलो. नोटीस आली तेव्हा मीच ऐटीत उत्तर लिहिलं की अकराला ती जागेवर होती, तुमचाच माणूस उशिरा आला. दीड महिन्याने तो पुन्हा त्याच वेळी आला. ती तिसरी खेप.

सुनावणीत विचारलं, फॉर्म कोणी भरला? टेक्ला म्हणाली, मीच. मास्तरांच्या नोकरीवर येईल म्हणून. आणि मी तिला तसं म्हणू दिलं. हे मी फादरांपाशी बोललोय. आज तुमच्यापाशी बोलतो.

वाइरिमु बाई, अपिलाची मुदत शुक्रवारपर्यंत आहे. हा माझा सही केलेला जबाब. सर्वांसमक्ष तुमच्या हातात देतोय, म्हणजे तो कुठे गहाळ व्हायचा नाही. लपणाऱ्याला आणि चुकलेल्याला एकाच मापाने मोजायचं का, एवढं त्यांना विचारा. मास्तर निष्काळजी होता? होता. मग मास्तरला धरा. मला दोन वर्षं धावायची बंदी घाला. माझे गुडघे तुम्हाला दुवा देतील.

आणि अपील फेटाळलं तर? तर टेक्ला एकटी धावेल. बंदीतही चाचणीला हजर राहावं लागतंच, म्हणून आईच्या दारात स्टूल असेलच. नव्या फॉर्मात मी दोन्ही घड्याळं लिहिली आहेत. मावशी, तुम्ही आज मुर्सिकचा भोपळा भरून आणलाय, तो तसाच परत न्या. ते आंबवलेलं दूध आपण जिंकून परतणाऱ्याला पाजतो. टेक्ला जिंकून परतेल तेव्हा तिच्यासाठी ताजं लावा.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, फादरांनी हॉल दिला, आयाबहिणींनी चहा गरम ठेवला, सगळ्यांचा मी ऋणी आहे. माझ्या बोलण्यात तीनहून जास्त चुका झाल्या असतील. ज्यांनी त्या मोजल्या असतील, त्यांनी शिक्षा ठरवण्याआधी एकदा मला विचारावं, की मास्तर, हे तुम्ही मुद्दाम केलंत का?