कमानीखालचा टँकर

न्हाई न्हाई, माझं कमानीला काही म्हननंच न्हाई! कमान चांगली हाय, रंग चांगला हाय, वर दोन सिंह बसवले तेबी चांगलेच हायत, एकाचं तोंड जरा मांजरावाणी झालंय, पर ते असू द्या, गवंड्यानं बिचाऱ्यानं सिंह बघितला कवा? माझं म्हननं एवढंच की बाबांनो, गल्लीतला मानूस घोटभर पाण्याला तरसून राहिला, हिरी आटल्या, हापशातनं नुसती हवा येऊन राहिली, आन तुमी आमाला कमान देऊन राहिले? कमान काय गाळून प्यायची का? आन हे बोललो की आमचे नगरसेवक गुरुबसप्पा, आडतवाले, मानूस भला हाय, खोटं कशाला बोलू, खांद्यावर हात ठेवतात आन म्हनतात, "केरबा, पाण्याचं ऱ्हाऊ दे रे. कमान कशी दिसते, ते सांग!"

आता तुमाला सांगतो... गावाचं नाव घेत न्हाई, नगरपालिकेची अब्रू जाईल. चाकूरच्या अलीकडं म्हना, पलीकडं म्हना, माझं सायकलचं दुकान विचारलं की कुनीबी दाखवतं. तर नवा जिल्हा झाला तवा आमीच नाचलो की! म्हनलं, आता जिल्हा जवळ आला, सायेब जवळ आला, निधी तर काय परसदारी आला! आन आलाबी निधी, न्हाई म्हनायचं न्हाई. नव्या जिल्ह्याच्या शोभेसाठी ष्टेशन रोडला एक कमान करायची. एकच! पर अशी, की हत्ती अंबारीसकट खालनं जावा. नकाशा झाला, नारळ आनला, आन सभेत एक मेंबर उठला, "कमान त्याच्याच वार्डात काहून? माझ्या वार्डातल्या लोकांनी काय पाप केलं?" मंग दुसरा उठला. मंग तिसरा. ज्याला बोलता येत न्हाई तोबी उठला. रातभर भांडले आन तोड काढली, काय तोड काढली! एका कमानीचा निधी तमाम वार्डांत सारखा वाटायचा. निधी वाटला, शिमीट वाटलं, गज वाटला... आन तुमाला खोटं वाटंल, उंचीबी वाटली हो! आता ज्याच्या त्याच्या गल्लीच्या तोंडाला एकेक बुटकी कमान, आन वराती येतात तवा नवरदेव घोड्यावर मान घालून बसतो, लोकांना वाटतं, पोरगं काय लाजाळू हाय!

मी गेलो नगरपालिकेत. म्हनलं, सायेब, कमानीला पैशे हायत, पाण्याला काहून न्हाईत? तर ओव्हरशेर सायेबांनी चष्मा पुसला. ते चष्मा पुसायला लागले की समजायचं, आता आपल्याला काही कळनार न्हाई. "केरबा, तुमाला हेड समजत न्हाई. कमान सुशोभीकरनाच्या हेडमधली. पाण्याचा हेड वेगळा. या हेडचा पैसा त्या हेडला लावला तर आमी घरी जातो." म्हनलं, सायेब, माझी बायको तेलाचे पैशे मिठाला लावते, ती तर घरीच हाय, तिला कोन काढतं? हसले न्हाईत. बरं, पाण्याच्या हेडचं विचारावं तर त्याचं गऱ्हानं आनखीनच निराळं! जुना जिल्हा म्हनतो, तुमी आता आमचे न्हाईत, फाईल नव्याकडं धाडली. नवा म्हनतो, फाईल आली असंल, पर गठ्ठे अजून सोडले न्हाईत, कपाटं यायचीत. म्हंजी पोरगी माहेरातनं निघाली, सासरी पोचली न्हाई, आन मधल्या मधी उन्हात हुबी! निघतानी ओव्हरशेर सायेब जिन्यापर्यंत आले आन काय म्हनावं त्यांनी? "बाकी केरबा, कमान कशी दिसते, ते सांगा!"

आता हे सगळं मी गिळलं असतं. गिळायची सवय हाय आपल्याला. पर त्या साली माझी पोरगी, पंचशीला, बाळंतपणाला घरी आलेली. पहिलं बाळंतपण, माहेरीच करायचं ना? तर तिची सासू, आमच्या इहीनबाई, मुदखेडच्या, त्या धाडायलाच तयार नव्हत्या. तोंडावर म्हनल्या, "इवाई, राग मानू नका, तुमच्या गावात मोठ्या मानसाला प्यायला पाणी न्हाई, तिथं बाळंतिणीला काय करनार?" मला लागलं हो ते! म्हनलं, बाई, बाप हाय मी तिचा. पाणी डोक्यावर वाहून आनीन. दोन म्हैने पोरगी आन लेकरू माझ्या घरी ऱ्हातील, काही कमी पडलं तर घेऊन जा. असं मीच बोलून बसलो! आन पोरगा झाला. नागुबाई, आमची मंडळी, तिला तर आभाळ ठेंगनं! पोराचं नाव ठेवायचं ठरलं, बुद्धवंदना ठरली, मुदखेडहून इहीनबाई, जावई, सगळे येनार ठरले. सगळं ठरलं, आन घरात रांजन खडखडीत.

टँकर येत होता की गावात! एकच टँकर, नरसिंग डायव्हर, अख्खं गाव त्या एका मानसाच्या पाया पडायचं. पर तो थांबायचा मोठ्या रोडला, आन तिथले लोक अगोदरच घागरी लावून बसलेले. आमची गल्ली पळत जाईपर्यंत नळीतनं नुसता फुस्स आवाज. म्हनून मी गुरुबसप्पाला धरलं. म्हनलं, अप्पा, कमान दिली, आता टँकर आत धाडा, न्हाईतर नाव ठेवायला तुमालाच बोलवीन आन कोरड्या पेल्यानं चहा देईन! मानूस लाजला. नावाच्या आदल्या दिवशी टँकर धाडला, खरंच धाडला!

तमाम गल्ली हुबी. पल्याड जुन्या कचेरीची भिंत, तिकडनं वाट न्हाई, म्हनून नरसिंग टँकर मागं मागं घेत आला. कमानीपाशी आला आन थांबला. खाली उतरला, वर बघितलं, टाकीकडं बघितलं, कान खाजवला. "जात न्हाई," म्हनला. जात न्हाई? मी दुकानातनं पळत आलो, म्हनलं, चाकांची हवा सोड! सोडली थोडी. बसला टँकर खाली. "येऊ दे... येऊ दे... ए, सिंह संभाळ!" करत, कमानीला बोटभर अंतर ठेवून, टँकर अल्लाद आत! काय गलका झाला म्हनता! कोंडाबाई, आमची शेजारीन, तिनं तर टँकरला कुंकू लावलं. घागरी, पिपं, बादल्या, कुनी कढई आनली, कुनी लेकराची आंघुळीची परात. कुनीबी भांडलं न्हाई! माझा रांजन भरला, पीप भरलं, वर तांब्याचा हंडा भरला तो लेकराच्या आंघुळीला निराळा. मी पाण्यात बघितलं तर मलाच माझं तोंड दिसलं, हसत होतं. म्हनलं, या इहीनबाई, या आता!

आन टँकर निघाला... आन थडाड्!

टाकीचं कपाळ कमानीला! नरसिंग म्हनतो, असं कसं? आलो तसा तर चाललो! मागं घेतला, पुन्हा गेला, पुन्हा थडाड्. मंग सगळ्यांच्या ध्यानात आलं. अहो, येतानी टाकी भरलेली, वजनानं खालच्या स्प्रिंगांचे पाटे दबलेले. आता रिकामी झाली, पाटे उठले, टँकर चार बोटं उंच झाला! पाणी देऊन मोकळा झाला आन मान वर काढली त्यानं. हवा सोडा म्हनावं तर ती अगोदरच सोडलेली, आनखी सोडली तर टायरं फाटतील.

मंग सुरू झाले शानपन. एक म्हनला, मानसं चढवा! चढली मानसं पायदानावर, मागं लोंबकळली, पर दुष्काळानं सगळेच वाळलेले, टँकर हललासुद्धा न्हाई. एक म्हनला, टाकीत दगड घाला! नरसिंग म्हनला, "टाकी भाड्याची हाय, दगड घातले तर मालक मलाच टाकीत घालील." तेवढ्यात ओव्हरशेर सायेब आले, सोबत गुरुबसप्पा. म्हनलं, सायेब, तोडा ही कमान! सायेबांनी चष्मा काढला, पुसला. "केरबा, कमानीचं उद्घाटन व्हायचंय. उद्घाटन न्हाई म्हंजी कागदावर ती अजून झालेली न्हाई. न झालेली कमान पाडायची मंजुरी कोन देनार?" म्हनलं, झाली न्हाई तर टँकर कशाला अडकलाय? सायेब म्हनले, "ते प्रत्यक्षात." बरं, खालचा रस्ता खांदा! तर रस्ता तिसऱ्या हेडचा!

आन तिकडं कमानीबाहेर गर्दी वाढून राहिली. दुसऱ्या गल्लीचे लोक, रिकाम्या घागरी घेऊन. टँकर गावात एकच ना! "आमचा टँकर कोंडून ठेवला काय रे?" "बाहेर काढा न्हाईतर आत येतो!" दगड हातात घेतले होते लोकांनी, खोटं न्हाई सांगत.

मंग नरसिंग हळूच बोलला. "भरून आलतो तवा आलो. भरला तर जाईल."

समजलं का तुमाला? पाणी परत घाला, म्हनतो!

कुनाला कुनाकडं बघवंना. पहिली घागर कुनी आनायची? गुरुबसप्पानं हात जोडले, "माझ्या मायांनो, इज्जत ऱ्हाऊ द्या गल्लीची, उद्या परत धाडतो." उद्या! मंग एक बाई गेली, दुसरी गेली, मानसांची रांग लागली, हातोहात घागरी वर, टाकीच्या झाकनातनं आत. कोंडाबाई रडाय लागली, "माझं पाणी तर चुलीवर उकळलंय, आता कसं देऊ?" सायेब म्हनले, "उकळलेलं चालतं, वजन तेवढंच असतं." हे शिकलेलं मानूस बघा! नरसिंग कमानीपाशी हुबा राहून वर बघायचा, "आनखी दोन बोटं... आनखी..." माझं पीप गेलं. रांजन गेला. जो तो आपल्या हातानं आपलं पाणी घालून राहिला आन वर शिव्या कुनाला द्यायच्या तेबी कळंना.

"आनखी जरासक!" नरसिंग म्हनला. गल्लीत आता काही उरलंच नव्हतं. माझ्या दारात तेवढा तांब्याचा हंडा. नागुबाई हंड्यापुढं हुबी, म्हनली, "मला टाका टाकीत, पर हे द्यायची न्हाई." आन मी, बाप, आजा, एकदा हंड्याकडं बघतो, एकदा टँकरकडं. तवा पंचशीला बाहेर आली, डोक्याला फडकं बांधलेलं, लेकरू खांद्यावर. तिनं कमानीबाहेर बघितलं. तिथं एक बाई हुबी होती, तिच्याबी कडेवर तान्हं. पंचशीला म्हनली, "द्या बाबा. तिकडंबी लेकरं हायत." मी हंडा उचलला. लई जड लागला हो. माझं मनगट चाळीस वर्षं पंप मारून लोखंडाचं झालेलं, पर तो हंडा वर द्यायला मला दुसऱ्याचा हात लागला.

आन टँकर निघाला! खस्स झालं न्हाई! आन आमी काय केलं असंल? टाळ्या वाजवल्या! आपलंच पाणी आपल्या डोळ्यांदेखत चाललं, आन आमी खुळ्यावाणी टाळ्या वाजवून राहिलो! ओव्हरशेर सायेब म्हनले, "चला, तुमच्या गल्लीची खेप झाली." झाली? म्हनलं, सायेब, थेंब ऱ्हायला का कुनाच्या घरी? "टँकर आत आला होता का न्हाई? पाणी वाटलं होतं का न्हाई? मंग झाली. परत घातलं ते तुमी तुमच्या मर्जीनं." आन गुरुबसप्पा, जाता जाता, कमानीवर हात फिरवून, "पर केरबा, एक टवका उडाला न्हाई बघ. कमान कशी झाली, ते सांग!"

दुसऱ्या दिवशी इहीनबाई आल्या. दोन गाड्या बदलून आल्या, ष्टेशनहून टांग्यानं आल्या, आन टांग्यातनं पहिलं काय उतरलं? पाणी! मुदखेडच्या पाण्याचे डबे, तोंडाला फडकी बांधलेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं, टांगेवाल्यानंच सांगितलं वाटंत. त्या पाण्यात लेकराची आंघूळ झाली, त्याच पाण्याचा चहा झाला, वंदना झाली, आनंद नाव ठेवलं. गुरुबसप्पाबी आले, नवं बाळंतलेनं घेऊन आले, मानूस खरंच भला हाय, आन इहीनबाईला म्हनले काय? "आक्का, येतानी आमची कमान कशी वाटली?" इहीनबाई म्हनल्या, "झकास हाय. तिच्यातनं पाणी कवा येतं?" अप्पांनी चहा तसाच ठेवला.

मला वाटलं, आता मला टोचून बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं हो, मीबी चार शब्द बोललो असतो. पर त्या जवळ आल्या आन लई गरीब आवाजात म्हनल्या, "इवाई, तुमी लई केलं. पर लेकराला पाणी लागतं. पाऊस पडू द्या, मी सोता आनून सोडते." शब्द तर मीच दिलेला. नागुबाईनं बाळाची झबली बांधली, एकेक घडी चार चार वेळा मोडली. दोन म्हैने ऱ्हायचं लेकरू, दोन हप्ते ऱ्हायलं न्हाई माझ्या घरी.

संध्याकाळी टांगा निघाला. पंचशीला मागं वळून बघत होती, लेकरू निजलेलं. मी कमानीकडं बघत हुबा. तुमाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा त्या कमानीला हात जोडले मी. म्हनलं, बाई, नवरदेव वाकवलास, टँकर अडवलास, आता एवढा टांगा तेवढा अडव... आन टांगा कसा गेला म्हनता? वर हातभर जागा ठेवून, आरामात!