सशाचा एक कान

शनिवारी सकाळी दहा वाजता चॉकलेटच्या दुकानात रांग होती. दुसऱ्या दिवशी ईस्टर होता, मुलांना चॉकलेटचे ससे द्यायचा सण. माझ्यापुढे बहीण-भाऊ उभे होते.

“पोरांना चॉकलेटचा ससा देण्याआधी बाबा त्याचा एक कान खाणार, हे ठरलेलंच.”

“दादा, डॉक्टरांनी त्यांचं गोड बंद केलंय.”

“मग यंदा तू खा.”

“मी खाल्ला तर तुझी धाकटी म्हणेल, उंदराने कुरतडलाय. आजोबांनी चावल्याशिवाय ती ससा हातात तरी घेते का?”

“मग बाबांना सांगून टाक, यंदा नाही म्हणून.”

“तूच सांग. कालपासून कवळी घासून ठेवलीय त्यांनी.”

त्यांचा नंबर आला, तसा भाऊ पुढे झाला.

“बाई, सगळ्यात लहान कानांचा ससा मिळेल का?”

दुकानदार बाई बघायला आत गेल्या.