शेजारची उशी

औषधांच्या दुकानापुढच्या रांगेत नणंद-भावजयीचं बोलणं मागे उभ्या असलेल्या शिंप्याच्या कानावर पडत होतं.

"दोन दिवस आईला मी सांभाळलं. तू विसाव्याला गेलीस, तिकडे गावाबाहेर, एकटीला, झोप तरी लागली का गं?"

"काय शांत होतं हो, ताई! नुसती पाखरं. दुपारी जेवून आडवी झाले."

"मग?"

"दोन तासांनी डोळे टक्क उघडले. सासूबाईंना कुशीवर वळवायची वेळ ना!"

"अगं, आई तर इथे होती!"

"कळत होतं हो, पण हात ऐकेनात. शेजारची उशी हलकेच वळवली, तिला पाठीशी टेकू दिला, तेव्हा कुठे झोप लागली."

रांग पुढे सरकली. नणंद जागची हलली नाही.

"दर दोन तासांनी वळवायचं असतं आईला?"