मोजणी कचेरीला मिठी

सृष्टी : अज्जा, तुमचा नंबर दोनशे अकरा. हा खडूचा गोल दिसतोय ना? त्यात उभं राहायचं आणि अजिबात हलायचं नाही.

शिवशरण : हललो तर?

सृष्टी : तर साखळी तुटते. चारशे साठ माणसं हातात हात धरून सगळ्या कचेरीभोवती उभी राहणार आणि वरून ड्रोन फोटो काढणार. म्हणजे सोलापूरकर आपल्या जुन्या मोजणी कचेरीला मिठी मारतायत, असा. वारसा दिनाचा मेन कार्यक्रम आहे हा.

शिवशरण : मिठी! तेहतीस वर्षं हिच्यात कारकुनी केली, शेवटची नऊ हेडक्लार्क म्हणून. हिला मिठी मारावी असं एकदाही मनात आलं नाही.

सृष्टी : मग आज मारा. तीन वर्षं खपून दुरुस्त केलीय आम्ही. नाहीतर इथं आज दुकानांचे गाळे दिसले असते तुम्हाला.

शिवशरण : हं.

सृष्टी : दोनशे बारा कोण? काका, तुम्ही का? या, या, पुढं या. अज्जांचा डावा हात धरा.

करीम : सलाम, अण्णा.

शिवशरण : सृष्टी, मला दुसरा नंबर दे.

सृष्टी : अज्जा, नंबर सगळे फिक्स झालेत.

शिवशरण : मग या उजवीकडच्या बाईंना मध्ये घे.

सृष्टी : त्यांचे मिस्टर दोनशे नऊला आहेत. त्या हलायच्या नाहीत. काय झालं? काका ओळखीचे आहेत का?

शिवशरण : नाही.

करीम : अठ्ठावीस वर्षं एका डब्यात जेवलो, बेटा. याच कचेरीत. मी रेकॉर्ड कीपर होतो हितं, शेख करीम. आता ह्याला ओळख म्हणायचं का न्हाय, ते तुझ्या अज्जाला विचार.

सृष्टी : मग तर छानच की! मी माईकवर चालले. हात धरा दोघं.

शिवशरण : हा माझा रुमाल. एक टोक तुम्ही धरा, एक मी धरतो.

करीम : तुमी? अण्णा, मला तुमी?

शिवशरण : परक्या माणसाला आम्ही अहोजाहोच करतो.

करीम : बरं बाबा, धरतो टोक. पण आधीच सांगून टाकतो. माझा नंबर दोनशे बारा न्हवताच. मला पार मागं, गोदामाकडं उभा केला होता, तीनशे सातला. हितल्या माणसाला उसाचा रस पाजला आन् नंबर बदलून घेतला.

शिवशरण : कशाला?

करीम : बोलायचं हाय तुझ्याशी.

शिवशरण : बारा वर्षं झाली. आता बोलण्यासारखं काही राहिलेलं नाही.

सृष्टी : हॅलो, हॅलो! सगळ्यांनी लक्ष द्या. दोनशे अकरा आणि बारा, रुमाल चालणार नाही! वरून तिथं फट दिसतेय. हात धरा, हात!

करीम : ऐकलंस?

शिवशरण : धरा. घाम आहे माझ्या हाताला.

करीम : एप्रिलात सोलापुरात कुणाच्या हाताला न्हाय? आतलं प्रदर्शन बघितलंस का?

शिवशरण : बघितलं.

करीम : मीबी सकाळीच बघितलं. काचेच्या पेटीतली ती फाईल...

शिवशरण : समोर बघा. ड्रोन येतोय.

करीम : कशाचा येतोय. बॅटरी बदलाय लागलेत त्याची. ती फाईल बघितलीस का, ते सांग. रेकॉर्ड रूममधली जुनी मांडणी हलवताना सापडली म्हणं कामगारांना. 'मोजणी कचेरीची इमारत जीर्ण व धोकादायक झाली असल्याने ती पाडण्यास मान्यता मिळावी.' आन् खाली तुझी सही. लफ्फेदार.

शिवशरण : मला वाचता येतं.

करीम : शेजारी पाटी लावलीय, 'हा प्रस्ताव सुदैवाने पुढे गेला नाही.'

शिवशरण : एक मास्तर शाळेची पोरं घेऊन आला होता. म्हणाला, बघा रे, असली गाढवंसुद्धा सरकारी नोकरीत असतात. मी त्याच्या मागंच उभा होतो.

करीम : मग काय केलंस?

शिवशरण : हसलो. सगळे हसले, मीही हसलो.

करीम : आन् सृष्टीनं विचारलं तवा?

शिवशरण : तुम्ही तिथं होता?

करीम : खांबाच्या आड. पोरगी म्हणली, अज्जा, ही सही तुमची का? तर तू म्हणलास, माझी सही अशी नसते. अण्णा, तुझ्या तोंडून मी खोटं कधी ऐकलं न्हवतं रे.

शिवशरण : मग काय सांगायला पाहिजे होतं? ती आर्किटेक्चर शिकते. सुट्टीत पोरी कुठं कुठं फिरायला जातात, ही इथं मिस्त्रींच्या हाताखाली चुना कालवत होती. हाताची सालं निघाली होती तिच्या. तिला सांगू, की बाळ, जी कचेरी तू उभी केलीस ती पाडायचा कागद तुझ्या अज्जानं लिहिला होता? परत माझ्या तोंडाकडं बघेल का ती?

करीम : साहेबानं लिहायला लावला होता की.

शिवशरण : साहेबाची सही कुठाय त्यावर? त्याला गाळे काढायचे होते. तो तोंडी बोलला, मी लेखी दिलं. छपरावर चढून बघायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. पाहणी केली असं मात्र लिहिलं.

करीम : व्हय, ते वाचलं मी.

शिवशरण : आणि ती फाईल आत्ता कुठनं उगवली, ते देवाला ठाऊक. मी ती तुमच्या हातात दिली होती, करीमसाहेब. तेहतीस वर्षांत वहीत सही घेतल्याशिवाय मी कुणाला टाचणी दिली नाही. तुम्हाला अख्खी फाईल दिली. का? तर आपला करीम आहे, त्याची कसली सही घ्यायची. दुसऱ्या दिवशी ती पुण्याला जायची होती. फाईल गायब. आणि चौकशीत तुम्ही काय म्हणालात?

करीम : फाईल रेकॉर्डला आलीच न्हाय, म्हणालो.

शिवशरण : वहीत सही नाही, तेव्हा हेडक्लार्कनंच हरवली. सेवापुस्तकात ठपका. पुढं पुढं तर मलाच वाटायला लागलं, मी बसमध्ये विसरलो असेन. माझ्या घराकडची, जुळे सोलापूरची बस जिथं जिथं थांबते तिथं उतरून विचारलंय मी. डेपोत चार वेळा गेलो. तिथला वॉचमन मला बघितलं की म्हणायचा, आले फाईलवाले.

करीम : अण्णा.

शिवशरण : काय अण्णा?

करीम : मी लपवली होती ती.

(साखळी तुटते.)

सृष्टी : हॅलो! दोनशे अकरा! अज्जा, हात का सोडला? ड्रोन वर गेलाय! बाकीची सगळी माणसं तुमच्यासाठी उन्हात थांबलीत!

करीम : धर बाबा. शिव्या दे, पण हात धरून दे. सगळे बघाय लागलेत.

शिवशरण : हलकटा. मी डेपोत चकरा मारतोय आणि तू... कुठं ठेवली होतीस?

करीम : रेकॉर्ड रूमच्या कोनाड्यात, नकाशांच्या गुंडाळ्यांच्या मागं. धरलास का नीट? हां. वाटलं होतं, पंधरा दिवस दाबून ठेवू. साहेबाची बदली होणार अशी कुजबुज होतीच. तो गेला की काढून तुझ्या टेबलावर ठेवायची. बदली व्हायला वरीस लागलं. तोवर चौकशी बसली. तिकडं माझ्या पोरीचं, समराचं लग्न ठरलेलं, माझी नोकरी दोन वर्षं उरलेली. खरं बोललो असतो तर घरी बसवलं असतं मला. घाबरलो, अण्णा. दुसरं काय कारण न्हाय. घाबरलो.

शिवशरण : आणि निवृत्त झाल्यावर? तेव्हा कोण खात होतं तुला?

करीम : तवा लाज वाटाय लागली. दोनदा तुझ्या कॉलनीपतोर आलो. कोपऱ्यावरनं परत फिरलो.

शिवशरण : पण लपवलीसच का? तुझ्या बापानं बांधली होती कचेरी?

करीम : तू फाईल दिलीस ना, त्या दुपारी मी छपरावर चढलो. सागवानाला हात लावून बघितला. एक किडा न्हाय, एक चीर न्हाय. आन् तू लिहिलंस जीर्ण! टाचणीचा हिशेब ठेवणारा माणूस, आन् न बघता लिहितो? मला कचेरीचं सोड, तुझाच लई राग आला. म्हटलं, हा कागद पुण्याला गेला तर अण्णाच्या नावावर कायमचा बसंल. आन् खरं सांगू का, मे महिन्यात सगळ्या सोलापुरात गार जागा एकच होती, माझी रेकॉर्ड रूम. ती मोडून गाळे? चप्पल-बूट विकायला?

सृष्टी : हॅलो, सगळ्यांनी वर बघा! वर बघून हसा! दोनशे अकरा, हसा की!

शिवशरण : कसलं हसतोय. दात दाखवतो फक्त.

करीम : मीबी तेच करतोय.

शिवशरण : करीम, एक सांगू? ठपक्याचा कागद हातात पडला, त्या दिवशी मी घरी गेलो आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

करीम : काय म्हणतोस!

शिवशरण : राजेश्वरी म्हणाली, काय हो, बढती मिळाली का? काय सांगू तिला? फाईल सापडत नव्हती, मूळ कागद त्यातच गेले होते, नवीन साहेबाला असल्या भानगडीत रस नव्हता. कचेरी वाचली होती. ते टिपण लिहिल्यापासून मला झोप नव्हती रे. त्या दिवशी लागली.

करीम : अरे मग बारा वर्षं माझ्याशी अबोला कशापायी धरलास?

शिवशरण : ठपक्यासाठी नाही धरला. तू माझ्या तोंडावर खोटं बोललास. चौकशीच्या खोलीत माझ्यासमोर बसून, माझ्याकडं न बघता. मला सांगितलं असतंस तर मीच म्हणालो असतो, कोनाड्यात नको, तिथं झाडलोट होते, आणखी आत सरकव. एकट्यानं केलंस तू. मला विचारलंसुद्धा नाहीस.

करीम : चुकलं माझं.

शिवशरण : समराच्या लग्नाची पत्रिका आली होती. राजेश्वरीनं तिच्यासाठी इरकल आणून ठेवली होती. मी जाऊ दिलं नाही तिला. अजून कपाटात घडी आहे.

करीम : समरा पुण्याला असती. दोन पोरी झाल्या तिला. विचारती कधीमधी, डब्यातली शेंगाचटणी देणारे काका कुटं गेले म्हणून.

शिवशरण : मग काय सांगतोस?

करीम : बदली झाली म्हणतो.

शिवशरण : हात जरा सैल धर. बोटं मोडतील माझी.

सृष्टी : झालं! मस्त आला फोटो! सोडा हात सगळ्यांनी. मागच्या अंगणात उप्पीट आणि ताक आहे. पाणी पिऊन घ्या, ऊन चढलंय.

करीम : अण्णा, ती हिकडं येतीय. ऐक माझं. मी सांगतो तिला, फाईल आमी दोघांनी मिळून लपवली. साहेबाला दाखवायपुरता कागद लिहिला, आन् लगेच कोनाड्यात टाकला. तुझं नाव साफ.

शिवशरण : पटेल तिला?

करीम : पटंल की. आता दुसरा साक्षीदार कोण उरलाय? साहेब तर कवाच गेला.

शिवशरण : आणि तू माझ्यासाठी परत एक खोटं बोलणार.

करीम : ह्यावेळी तुला विचारून बोलतोय की.

सृष्टी : अज्जा, काय हो हे? सगळे हसत होते आणि तुम्ही दोघं भांडत होता. फोटोत तोंडं उघडी आलीयत तुमची.

करीम : भांडत कुटं, बेटा. त्या काचेतल्या फाईलीचं बोलत होतो. त्याचं काय झालं सांगू का, मी आन् तुझे अज्जा, आमी दोघांनी...

शिवशरण : करीम, थांब. सृष्टी, त्या फाईलीवरची सही माझी आहे.

सृष्टी : माहितीय मला.

शिवशरण : माहितीय?

सृष्टी : पाचवीपासून तुमच्याकडं राहिले, अज्जा. माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर हीच सही आहे. मला कशी नाही कळणार?

शिवशरण : मग सकाळी विचारलंस कशाला?

सृष्टी : पाटीवर टिपण लिहिणाऱ्याचं नाव घालू का, ते ठरवायचं होतं. तुम्हाला न विचारता कसं घालणार? आणि तुम्ही सरळ नाही म्हणालात. सही बघून वाईट नाही वाटलं मला, ते ऐकून वाटलं. लई वाईट वाटलं.

शिवशरण : मी भ्यायलो, बाळ. तू मला काय म्हणशील, ते सहन झालं नसतं. इमारत न बघता मी जीर्ण लिहिलं. साहेबानं सांगितलं हे खरं, पण हात माझाच होता.

सृष्टी : मग पुढं का नाही गेला प्रस्ताव? आम्ही तिघी-चौघींनी सगळी दप्तरं शोधली. कुणालाच माहिती नाही. शेवटी कंटाळून 'सुदैवाने' लिहिलं.

शिवशरण : सुदैव इथं तुझ्यासमोर उभं आहे, घामानं थबथबून. पाटी बदलून घे. लिही, ही फाईल रेकॉर्ड कीपर शेख करीम यांनी बारा वर्षं लपवून ठेवली, म्हणून कचेरी उभी राहिली.

करीम : अरे बाबा, माझी पेन्शन बंद पाडतोस काय!

सृष्टी : काका, खरंच? तुम्ही? थांबा, थांबा, पेन कुठाय माझं... शेख करीम. पूर्ण नाव सांगा.

करीम : शेख करीम हुसेनसाब. आन् तुझ्या अज्जाचं बी लिही खाली, तेवढंच बरोबरीनं.

सृष्टी : लिहू, अज्जा? तुमचं नाव?

शिवशरण : माझं आहे की तिथं. मीच लिहिलंय, माझ्या हातानं.