नवा अँटेना आणि मेहरूनचा अशरफ

आमच्या धाटावच्या टॉवरवर नवा अँटेना बसला आणि शेजारच्या मेहरूनचा अशरफ कसा पकडला गेला, ते ऐका.

अशरफ पूर्वी इथंच कंपनीत होता, आता कतारला असतो. तीन वर्षं घरी आला नव्हता. आईला व्हिडिओ कॉल करायचा, तो बरोबर दुपारी तीनला. त्याच वेळी इथल्या कंपन्यांची शिफ्ट सुटते, शेकडो माणसं एकदम मोबाइल काढतात. मेहरूनने "घरी कधी येतोस?" विचारलं की चित्र गोठायचं. बिचारी नेटवर्कला शिव्या घालायची.

टॉवरवाला इंजिनिअर माझ्याकडे चहाला आला, तेव्हा मी विचारलं, "या नव्यात काय वेगळं हाय?"

"आजी, जुना सगळीकडे सारखाच सिग्नल फेकायचा. हा ज्याचा फोन त्याच्याच दिशेला झोत पाठवतो. एका वेळी जास्त माणसं बोलू शकतात."

"म्हणजे पंगतीत भात उधळायचा नाय, ज्याच्या त्याच्या पानात वाढायचा. एवढं कळायला इतकी वर्षं लागली तुम्हाला?"

अशरफला याची खबर नव्हती. त्याने पुन्हा तीनलाच फोन केला. मेहरूनने नेहमीचं विचारलं आणि तो तोंड उघडं टाकून पुतळ्यासारखा थांबला.

"गेली गो रेंज," मेहरून म्हणाली.

मी तिच्या बाजूलाच बसले होते, फोन ओढून घेतला. "मेल्या, तुझ्या मागचा पंखा फिरतोय!"

पुतळ्याचे कान लाल झाले.

"ईदला येतो, मावशी."

"मला नको सांगू. आईकडे बघून सांग."