तळ्याकाठचा चाफा

अण्णाकाकांच्या निवडणुकीचं तुम्हाला सांगितलंय का रे? ठाण्यात म्युनिसिपालिटीला माणसं निवडायची टूम तेव्हा नवीच निघालेली. कोपरीतल्या आमच्या तळ्याचा गाळ दर वैशाखात आळीच काढायची. काका उमेदवार झाले आणि म्हणाले, "यंदा कुणी उतरू नका. मला मत द्या, गाळ सरकार काढील. वर दगडी पायऱ्या, काठानं सोनचाफा!"

आम्ही काठावर डोळे मिटून बसलो, तर खरंच चाफ्याचा वास येऊ लागला.

काका निवडून आले. वैशाख सरला, तरी कुणी फिरकलं नाही. एका सकाळी बघतो तर काकू गुडघाभर चिखलात, पाटीनं गाळ उपसतेय.

"काकू, सरकार येणार होतं ना?"

"मतं ह्यांनी मागितली, पाणी मला भरायचंय. तुम्ही बसा चाफा हुंगत!"