नव्या सिस्टीमवर बादुक चालत नाही

पडद्यावर ते गोल गोल फिरतंय ते मलाही दिसतंय हो — डोळे शाबूत आहेत माझे — मी विचारतोय, थांबणार कधी? मंगळवारी फोन केला आणि इंजिनियर साहेब उगवले आज! बिघडवायला बरे दुसऱ्याच दिवशी हजर होतात. हो, बिघडवायलाच! चांगला चालता कॉम्प्युटर होता माझा. मुलगा तिकडून सोलहून — बाबा, जुनी सिस्टीम बंद पडणार, नवी घालून घ्या, नाहीतर चोर शिरतील. चोर! काय नेणार चोर, माझ्या गुडघ्याचे एक्स-रे? तर घातलीत तुम्ही नवी. मिळालं काय? कोपऱ्यात देगूचं हवामान. अहो, देगूत उकडतंय हे कळायला खिडकी आहे मला. आणि बादुक, माझा तो काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ? त्यावर टिचकी मारली की पाटी येते — हा खेळ या सिस्टीमवर चालत नाही. छान! घर रंगवायला दिलं आणि रंगाऱ्यानं दारच लिंपून टाकलं!

काय? मोबाइलवर खेळा? त्या एवढ्याशा काचेवर? माझं बोट टेकलं की चार सोंगट्या झाकल्या जातात. दुसरा खेळ घालून देता? खेळ कुठलाही चालेल हो — माणूस कुठून आणणार? रोज संध्याकाळचं जेवण झालं की तिथं एक जण यायचा — मित्र कसला! तिथं सगळेच टोपणनावानं खेळतात, हा ‘गोगलगाय’. चालही तशीच. एक सोंगटी ठेवेपर्यंत माझा चहा निवायचा. आणि हरायला लागला की न सांगता उठून जाणार. लहानपणापासून हेच — म्हणजे, असेल, म्हणतो मी. मला काय ठाऊक तो कोण!

बरं, ठाऊक होतं. त्यात काय? डाव्या कोपऱ्यात ती खुळ्यासारखी उडी — आमच्या वडिलांच्या पटावर ती एकच माणूस मारायचा. सोक-जे. धाकटा भाऊ माझा. सांगजूत असतो. हा चर्चमध्ये जायला लागला आणि वडिलांच्या श्राद्धाला म्हणतो, चौरंगापुढे डोकं टेकणार नाही — सगळ्या नातलगांसमोर, खांबासारखा उभा! मग मी काय म्हणणार होतो, ये बाबा, जेव? चालता हो म्हटलं. बरोबरच म्हटलं, आजही म्हणेन. आईच्या मयतीला आला, तेव्हाही तोंड फिरवून उभा. आणि मग एका संध्याकाळी या खेळात समोर गोगलगाय — आणि तीच उडी! मी उठून गेलो असतो — पण जिंकत होतो ना, जिंकणारा कशाला उठेल? दुसऱ्या दिवशी पुन्हा तो. तिसऱ्या दिवशी पुन्हा. पटाखाली लिहायला जागा असते, कसं काय, बरं आहे, काहीही लिहा. अक्षर लिहिलं नाही त्यानं. मी तरी का लिहू? मी थोरला. वर्षं गेली अशी.

आणि तुम्ही सिस्टीम घातलीत. संध्याकाळी मी पडद्यासमोर नुसता बसायचो, बायको म्हणायची, झोपा आता.

आज सकाळी फोन. पलीकडून नुसता खोकला. म्हटलं, कोण? तर म्हणतो, “गोगलगाय बोलतोय.” मी खुर्ची ओढून बसलो. मग म्हणाला, “दादा, आजारी आहेस का? आला नाहीस इतके दिवस.” म्हटलं, मेलो नाही अजून, नवी सिस्टीम घातलीय. तर म्हणतो, “कुठल्या गाढवानं घातली?” — जन्मात तेवढं एक अकलेचं बोलला. मग म्हणतो, “येतो.” आणि ठेवला फोन! विचारायची काही रीत असते का नाही? बायको तेव्हापासून कोंबडी शिजवत बसलीय. माझं म्हणाल, तर दाढी मी रोजच करतो.

आं? चालू झालं? आता? अहो, बंद करा! बंद करा म्हणतो ना! तो आत आला आणि पडद्यावर पट दिसला तर म्हणेल, दादा वाट बघत बसला होता — वाजली. बेल वाजली. नको, तुम्ही बसा, मी उघडतो — नाही, बसू नका, पिशवी उचला आणि निघा. दारात भेटेल तो, त्याच्याशी काही बोलू नका. आणि हसताय काय? निघा!